बत्तीस वाव

मला बोट लागते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे खोल समुद्र, हिंमत, निर्धार असले शब्द येणार आहेत आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उगाच कुणीतरी रुंद छातीचा गडी उभा राहायचा. तो मी नव्हे. मी रत्नागिरीत फ्रिज दुरुस्त करतो. उंची बेताची, पोट थोडं सुटलेलं, आणि धक्क्याला बांधून ठेवलेल्या लाँचमध्ये पाय टाकला तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ते भुकेचं नसतं.

असा माणूस पाणबुड्या कसा झाला, तर बोट लागते म्हणूनच. लक्षद्वीपला सहलीला गेलो होतो. होडीच्या काठाला धरून ओकत असताना तिथल्या शिकवणाऱ्यानं माझ्या पाठीवर सिलिंडर चढवला आणि मला पाण्यात सोडलं. दोन हात खाली गेल्याबरोबर पोट शांत. लाट वर राहिली, डुलणं वर राहिलं, घरून आणलेल्या काळज्याही वर राहिल्या. या जगात मला खरा आराम मिळेल अशी जागा आहे आणि ती पाण्याखाली आहे, हा शोध मला चाळिशीत लागला. मग वर्षाकाठी एकदा तरी कुठेतरी जाऊन बुडायचं, असा नेमच झाला.

त्या आरामात एक खोड आहे. वीस मीटरला गेलं की तीस मीटरचं पाणी दिसतं. तिथं निळा रंग जरा दाट असतो आणि आणखी थोडं खाली काहीतरी आहे असं वाटत राहतं. तीसला गेलं तर चाळीसचं तसंच. खाली काहीच नसतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी २००३ सालच्या फेब्रुवारीत मी ठरवलं, की पन्नास मीटर करायचेच.

रत्नागिरीच्या किनाऱ्याला हे जमत नाही. आरे-वारेच्या घाटीतून पाणी कितीही निळं दिसलं, तरी आत बुडी मारल्यावर स्वतःचा हात दिसत नाही, आणि खोली म्हणाल तर ताडाचं झाड उभं केलं तर शेंडा वर राहील. पण किनाऱ्यापासून रात्रभराच्या वाटेवर भर समुद्रात एक बुडालेलं पठार आहे. नकाशात त्याला इंग्रजी नाव आहे. मिरकरवाड्यातले लोक त्याला बाहेरची खडप म्हणतात. पठाराचा माथा वीसेक मीटर पाण्याखाली, आणि त्याच्या कडेवरून भिंत जी खाली जाते, ती दिसेनाशी होईपर्यंत जातच राहते.

चिपळूण

पहिला प्रवास उलट्या दिशेला, एस.टी.नं चिपळूणला. तिथं माझा मित्र सुहास राहतो. पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. आधी तो तेलविहिरींवर पाणबुड्या होता. डाव्या पायानं फरफटत चालतो, आणि तो पाय कसा गेला हे तो कुणालाही दोन वाक्यांत सांगतो. खोल पाण्यातून वर येताना वाटेत ठरल्या ठिकाणी थांबावं लागतं. तो थांबला होता, आणि वरच्या लोकांना काळजी वाटून त्यांनी त्याला ओढून काढलं.

थांबायचं का, तेही सांगतो. सोड्याची बाटली बंद असते तोवर आतला वायू गुमान बसलेला असतो. एकदम उघडली की फसफसतो. खोल पाण्यात माणसाच्या रक्तात हवेतला नायट्रोजन असाच मुरतो. हळूहळू, थांबतथांबत वर आलं तर श्वासावाटे निघून जातो. घाईनं आलं तर माणसाची बाटली होते. बुडबुडे सांध्यात, कण्यात, मेंदूत, जिथे सापडेल तिथे अडकतात. त्यावर उपाय एक बंद टाकी, जिच्यात माणसाला घालून पुन्हा दाब देतात. ती मुंबईत. बाहेरच्या खडपेवरून मुंबई किती लांब, हे सुहासनं मला काउंटरवर बोट आपटत समजावलं.

मी हटलो नाही. तीनदा चिपळूणला गेलो. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, तू जाणारच असशील तर मी बरोबर येतो, निदान उरलेलं घरी आणायला कुणीतरी हवं. त्याच्या अटी होत्या. खाली सोडायचा दोर असेल, त्याला शेवटी एक लाल फडकं बांधलेलं असेल, फडकं हाताला लागलं की वळायचं. खोलीचा काटा मनगटावर आहे म्हणून चालणार नाही, कारण तिथे नायट्रोजनची नशा चढते आणि माणूस काटा बघायचंच विसरतो. फडकं विसरता येत नाही. तो स्वतः वर सहा मीटरवर जादा सिलिंडर घेऊन दोराला लटकून राहील. आणि शेवटची अट त्यानं माझा दंड धरून सांगितली.

"लिम्या, भीती वाटली तर घाबरू नकोस. मजा वाटायला लागली की मात्र वळ. त्याच क्षणी."

घरी वसुधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकच प्रश्न विचारला. तिथं खाली आहे काय? मी म्हटलं, काही नाही. ती घावणे करायला उठली. डब्यात घावणे, फणसपोळी, आणि बोट लागल्यावर चोखायला आमसुलं, एवढं तिनं दिलं. ते डब्यात भरण्याचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता.

मिरकरवाडा

दाजी तांडेलांच्या लाँचवरच्या बर्फपेटीचं काम मी वर्षानुवर्षं करतोय. दाजी म्हणजे आडवातिडवा माणूस. केबिनमध्ये आळस देताना दोन्ही भिंतींना हात टेकतात. लाँचवर मासा शोधायचं यंत्र आहे, उपग्रहावरून जागा सांगणारा डबा आहे, आणि दाजींना मीटर, फूट, सगळं उत्तम कळतं.

हे मला माहीत असूनही मी माती खाल्ली. झालं असं, की मच्छीमार लोक दोर वावांनी मोजतात. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. लहानपणापासून बंदरावर ऐकलेला शब्द. दोर बांधून द्या म्हणून सांगायला गेलो तेव्हा धक्क्यावर चारपाच खलाशी बसले होते, आणि हा ब्राह्मणआळीतला फ्रिजवाला समुद्रातलं काय बोलतो, हे ऐकायला सगळे टवकारले होते. तेव्हा मीटर म्हणायला मला कमीपणा वाटला. मी आधी दुकानात स्वतःची वाव टेपनं मोजली होती, हिशेब घालून ठेवला होता, आणि ऐटीत म्हणालो, "दाजी, लाल फडका बत्तीस वावांवर बांधा."

दाजींनी मान डोलावली. खलाशांनी एकमेकांकडे बघितलं, म्हणजे माझी छाप पडली. सुहास तेव्हा सिलिंडर उतरवण्यात गुंतला होता. दोर दाजींनी मोजला. स्वतःच्या हातांनी.

संध्याकाळी निघालो. भगवती बंदराचा दीपस्तंभ मागे पडला आणि मी काठाला गेलो. पुढच्या प्रवासाबद्दल मला लिहिण्यासारखं काही आठवत नाही. लाँचची बाहेरची बाजू हिरव्या रंगाची होती, हे खात्रीनं सांगू शकतो.

बाहेरची खडप

सकाळी मान वर केली तर पाण्याचा रंग बदललेला. आपल्याकडच्या पाण्याला हिरवा म्हणावं की मातकट, असा प्रश्न असतो. इथं शाईच. नांगर पठाराच्या माथ्यावर पडलेला, आणि त्याच्या दोरावर खाली खाली सूर्याचे पट्टे उतरत गेलेले स्पष्ट दिसत होते. पोटात काही उरलं नव्हतं तरी मला भूक लागल्यासारखं वाटलं.

जेवण रांधणारा बाबल्या नावाचा खलाशी होता, गालफडं बसलेला, बोलायला तिखट. त्यानं सुरमईचं कालवण आणि भात केला होता. आमच्या घरी पानाभोवती पाणी फिरवून बाजूला चार शितं काढून ठेवतात. इथं पहिला घास समुद्राला, आणि तो काठावरून टाकताना पाठ वळवायची नाही. हे मला दोन घास खाल्ल्यावर कळलं. मी तिसरा टाकला, आणि पाठोपाठ आधीचे दोनही. बाबल्या म्हणाला, भाऊ दर्याला लय देतात, स्वतःला काय ठेवत नाहीत.

मग एक पेच उभा राहिला. लाँचवर नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाजूला कुणी चपला घालून जात नाही. ती देवाची जागा. मी पायात वल्ह्यासारखे पडदे चढवून तिकडून फदफदत निघालो, तर सगळे हातातलं काम टाकून माझ्या पायांकडे बघायला लागले. मग चर्चा झाली. हे पायातलं म्हणजे चप्पल की हत्यार? बाबल्याच्या मते चप्पलच. दुसरा म्हणाला, माशाच्या शेपटाला चप्पल म्हणतोस का. दाजींनी निकाल दिला की पाण्यात गेल्यावर शेपूट, होडीत असेपर्यंत चप्पल. मी मागच्या अंगाला जाऊन, बूड टेकून, ते पुन्हा चढवले.

पाण्यात शिरण्याआधी गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे कोकणात कुठल्याही कामाआधी देवापुढे सरळ साध्या भाषेत म्हणणं मांडतात आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. दाजींनी नाळेवर नारळ धरला.

"बा म्हाराजा, हा आमचा फ्रीजवाला. अक्कल कमी हाय, पन मानूस वाकडा नाय. आपल्या पायान पान्यात चाललाय, कुनी ढकलला नाय. त्येला जसा न्हेशील तसाच वर आन."

"व्हय म्हाराजा," बाकीच्यांबरोबर मीही म्हणालो. अकलेच्या मुद्द्यालाही त्यात होकार गेला, हे नंतर लक्षात आलं.

दाजींना मी सांगून ठेवलं, की बाबल्या दुसरा भात चुलीवर चढवेल तेव्हा मी खाली जाईन, आणि तो शिजून वाफ मुरेपर्यंत वर येईन.

भिंत

पाण्यात शिरलो आणि पोट शांत. दोराला मूठ लावून डोकं खाली करून निघालो. सुहास सहा मीटरवर थांबला. त्याचा एक पाय चालत होता, दुसरा नुसता तरंगत होता. पठाराची कड आली. पिवळ्या जांभळ्या पोवळ्यांचा एक कठडा, आणि कठड्यापलीकडे काही नाही. दोर त्या काही-नाहीत शिरलेला.

मी कठडा ओलांडला. घराच्या गच्चीवरून पुढे पाऊल टाकावं आणि पडू नये, तसं ते होतं. भिंत शेजारून वर सरकत होती. आधी लाल रंग गेला, मग पिवळा, मग उरला एक निळा, जो रंग नसून थंडपणाच होता. सिलिंडरमधली हवा जड होऊन येत होती, पाण्यासारखी. कानात माझ्याच श्वासाचा आवाज, तोही दुसऱ्या कुणाचा तरी वाटावा असा.

भीती वाटली. सुहासनं सांगितल्याप्रमाणे मी घाबरलो नाही. पुढे गेलो.

मग भीती गेली. नेमकी कुठे गेली ते सांगता येणार नाही. भिंतीत एक कपार होती आणि तीत एक हेकरू बसला होता, चांगला माझ्याएवढा मासा, खालचा ओठ पुढे काढून. चेहऱ्यावर फ्रिज परत आणणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार. मी त्याला समजावून सांगायला लागलो, की कॉम्प्रेसर उत्तम आहे, दाराचं रबर तेवढं गेलंय, तुम्ही दार नीट लावत नाही. खरोखर सांगत होतो, हातवारे करून, तोंडातल्या नळीतून गुडगुड करत. त्याला पटलं. इतकं समंजस गिऱ्हाईक मला जमिनीवर भेटलेलं नाही. माझं मन भरून आलं. आयुष्यभर जे काम केलं ते कुणाला तरी समजलं, असं वाटलं आणि त्याच क्षणी खालचा निळा मला इतका ओळखीचा दिसला, की तिथे जायचं नाही तर कुठे जायचं, असा प्रश्न पडला. तिथे कुणी बोलावत नव्हतं. बोलावण्याची गरजच नव्हती. माणूस स्वतःच्या खाटेकडे जातो त्याला काय बोलावणं लागतं?

हाताला फडकं लागलं. त्या उजेडात ते काळं दिसत होतं. मी ते बघितलं. हे लाल असायला हवं, म्हणजे हे आपलं फडकं नव्हे, आपलं आणखी खाली असेल, असा बिनतोड विचार माझ्या डोक्यात आला आणि मी मूठ सैल केली.

आणि मला हसू आलं. नळीच्या कडेनं बुडबुडे सुटले. मजा येते आहे, असं मी स्वतःशी म्हणालो. त्या शब्दावर मी अडखळलो. मजा. कुणीतरी या शब्दाबद्दल काहीतरी सांगितलं होतं, दंड धरून. काय ते आठवेना, पण दंडावर ती पकड आठवली. मी दोर घट्ट धरला आणि डोकं वर केलं. माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड काम केलेलं नाही, आणि ते करताना मला ते अवघड आहे एवढंही कळत नव्हतं. नुसतं वाईट वाटत होतं. हेकरूचा निरोप घ्यायचा राहिला.

दोर

ही नशा चढते तशी उतरते. थोडं वर आलं की डोकं एकदम स्वच्छ, जशी धुतलेली काच. तेव्हा मी मनगट बघितलं. खोली दाखवणाऱ्या काट्याशेजारी एक लाल काटा असतो, जो जिथवर गेलात तिथेच अडकून राहतो. तो चौसष्टवर होता.

पन्नासचा हिशेब होता. फडक्याच्या खाली मी गेलो नव्हतो. मग चौदा मीटर आले कुठून? आले कुठूनही, रक्तात तर गेलेच होते. सुहासनं माझ्या कमरेला अडकवलेल्या पाटीवर वर येतानाच्या थांब्यांचे दोन हिशेब लिहून दिले होते. एक ठरल्या खोलीचा, आणि त्याखाली "अतिशहाणपणा केल्यास" अशा मथळ्याचा. मी दुसरा धरला. त्यात थांबे खोलवरून सुरू होत होते आणि जवळपास दुप्पट होते.

बारा मीटरच्या थांब्यावर मी दोराला लोंबकळत होतो. वर सुहास दिसत होता, त्याच्यावर लाँचचं काळं पोट. त्याला मी लाल काटा खुणेनं सांगायचा प्रयत्न केला, पण इतक्या अंतरावरून ते कळणारं नव्हतं. तिकडे बाबल्याचा भात शिजला होता, मुरला होता, आणि बहुधा गारही झाला होता. वरून दाजींना दिसत होते ते एकाच जागी कितीतरी वेळ फुटणारे बुडबुडे. त्यांच्या धंद्यात ह्याचा अर्थ एकच होतो. माणूस अडकला.

आधी वरून दोर ओढायच्या यंत्राची घरघर आली. मग दोर माझ्या मुठीत ताठ झाला आणि वर निघाला. मीही निघालो. काटा बारावरून अकराला, दहाला आला.

काय चाललंय ते मला तत्क्षणी कळलं, कारण सुहासच्या पायाची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती. माझीही बाटली उघडली जात होती. करायचं एवढंच होतं, की दोर सोडायचा. हात सुटेना. वर जायचंच तर होतं. वर ऊन होतं, माणसं होती, ती आपली होती आणि प्रेमानं ओढत होती. खाली आणि चहूकडे तो निळा, आणि ओढ होती पाण्याला. दोर सुटला तर जादा सिलिंडर गेला, होडी गेली, उरली पाठीवरची थोडकी हवा. काटा नऊवर आला. मी एकेक बोट सोडवलं. करंगळीपासून सुरुवात केली, कारण ती ऐकते. अंगठा शेवटी सुटला.

दोर वर निघून गेला. त्याबरोबर सुहासही, हात फेकत. लाँचचं पोट बाजूला सरकायला लागलं, म्हणजे मीच वाहत होतो. मी छातीतली हवा सोडून पुन्हा बारावर उतरलो आणि तिथे थांबलो. कशाला धरून नाही. वर खाली ओळखायला काही नाही, फक्त मनगटावरचा काटा. त्या काट्याकडे बघितलं तसं टक लावून मी लग्नाआधी वसुधाला बघायला गेलो तेव्हा तिच्याकडेही बघितलं नव्हतं. जरा वर सरकला की श्वास सोडायचा, जरा खाली गेला की घ्यायचा. हवा कमी होत होती. हवा संपेल तेव्हा वर जाईन, त्याआधी नाही, असं मी ठरवलं, आणि ठरवल्यावर मला बरं वाटलं. हे ठरवणं शुद्धीवरचं होतं.

सुहास आला तो माझ्या बुडबुड्यांच्या वासावर आल्यासारखा. तान्हं मूल धरावं तसा सिलिंडर छातीशी धरून, एका पायानं पाणी मारत. त्यानं माझं मनगट ओढून लाल काटा बघितला आणि माझ्या डोक्यात टपली मारली. पाण्यात टपली लागत नाही, पण हेतू पोचला. मग त्यानं माझा पट्टा मुठीत धरला, आणि उरलेले सगळे थांबे आम्ही तसेच, दोन माणसं एका पट्ट्याला, वाहतवाहत संपवले.

वर डोकं काढलं तेव्हा लाँच पन्नास हातांवर होती. सुहासनं वर ओरडून सांगितल्याबरोबर दाजींनी नांगराचा दोर कोयत्यानं तोडला होता आणि इंजिन बंद करून ते आमच्या बुडबुड्यांबरोबर वाहत आले होते.

भगवती बंदर

होडीवर सुहासनं मला आडवं केलं आणि तोंडावर ऑक्सिजन लावला. तो आम्ही बरोबर घेतला होता. दाजी माझ्या पायाशी उकिडवे बसले.

"भाऊ, म्हंजे आमी तुमाला मारीत व्हतो काय?"

मी मुखवटा बाजूला करून नाही म्हटलं. ते म्हणाले, वर वढला म्हंजे वाचवला, आमाला येवडाच ठावक. मग मी चौसष्टचं विचारलं. दाजींनी हात पसरले. मीही आडव्याआडव्याच पसरले. बाबल्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंड फिरवलं. माझी बोटं जिथे संपत होती तिथून दाजींचा पंजा सुरू होत होता. समुद्रावर प्रत्येकाची वाव ज्याची त्याची असते, आणि ज्यानं दोर मोजला त्याचीच धरायची असते, हे मिरकरवाड्यात शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून कुणी मला सांगितलं नव्हतं.

लाँच परत फिरली आणि थोड्या वेळानं माझ्या डाव्या पोटरीला मुंग्या आल्या.

त्या क्षणी खोटं बोलायची जी इच्छा मला झाली, तशी कधी झाली नव्हती. अवघडून बसल्यानं आल्या असतील. मी तसंही म्हणू शकलो असतो. सुहास म्हणाला होता, सगळे पाणबुडे इथेच खोटं बोलतात, मीही बोललो होतो. मी सांगितलं. त्यानं ऑक्सिजन वाढवला, मला पाणी पाजलं, आणि दर थोड्या वेळानं माझ्या पावलाला चिमटा काढून विचारत राहिला, लागतं का. मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या. दाजींनी वायरलेसवरून धक्क्यावर गाडी उभी करायला सांगितलं, मुंबईला निघायच्या तयारीनं. समुद्र तसाच डुलत होता आणि मला बोट लागली नाही. भीतीनं ओकारीही बसते, ही माहिती कुणाच्या उपयोगी पडली तर पडो.

मुंग्या गुडघ्याशी थांबल्या. बराच वेळ तिथेच राहिल्या. मग पोटरीत उतरल्या, मग घोट्यात. पहाटे बंदराचा दिवा दिसला तेव्हा सुहासनं चिमटा काढला आणि मी त्याला शिवी दिली. तो पहिल्यांदा हसला.

धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू होता. टोपल्यांच्या मधे सुहासनं मला डोळे मिटून डाव्या पायावर उभं केलं. कोळणी बघत होत्या. मी उभा राहिलो. तरी गाडीतून आम्ही आधी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मुंबईला फोन लावून सगळं विचारून घेतलं, मला दिवसभर ठेवून घेतलं आणि मग सोडलं. पाय माझाच राहिला.

दाजी संध्याकाळी दवाखान्याच्या दारात आले. हातात एक मोठी सुरमई, वसुधा ती घरात घेणार नाही हे माहीत असून. म्हणाले, "भाऊ, पुढच्या खेपेला मीटरनी मोजू. कदी जायाचा?"

आणि माझ्या जिभेवर तारीख आली. खरोखर आली. मार्च संपायच्या आत, वारा फिरण्यापूर्वी, असा हिशेबही झाला. ज्या पायावर मी उभा होतो त्यात अजून थोडी बधिरता होती आणि माझ्या डोळ्यांपुढे तो निळा उभा होता, चौसष्टच्या खालचा, ज्यात मी गेलो नव्हतो. नशा उतरली असं मी समजत होतो. ती पाण्यातली उतरली होती.

ती तारीख मी गिळली. सुहास चिपळूणला परत निघाला होता, त्याच्या जीपशी गेलो. माझे दोन्ही सिलिंडर, नळी, काटा, पडदे, सगळं उचलून मागच्या बाकावर ठेवलं.

"हे तुझ्याकडे राहू दे. मी मागितलं तरी देऊ नकोस."

"मागशील तू," सुहास म्हणाला.

"मागीन. शपथ घालीन, भांडेन, पंपाचं काम फुकट करून देतो म्हणेन. तरी देऊ नकोस."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि जीप चालू केली.

पाचव्या दिवशी वसुधा बाजारात गेलेली बघून मी चिपळूणला फोन लावला. बराच वेळ वाजला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. तो घरीच होता, फोनशेजारी बसून होता, असं त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं.